पान जळालं तरी चालेल, कोंब वाचला पाहिजे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या अंगणात दोन वर्षांपूर्वी जमिनीत लावलेला, आता छातीइतका उंच झालेला क्वीन पाम आहे. शिवाय कुंडीत एक बुटका खजूर, म्हणजे फिनिक्स रोबेलिनी आहे. हिवाळ्यात पाच-सहा रात्री पारा शून्याखाली जातो. गेल्या वर्षी अंदाज फक्त उणे २ चा होता, तरी क्वीन पामच्या सगळ्या झावळ्या तपकिरी झाल्या आणि सावरायला त्याला अख्खा उन्हाळा लागला. यंदा त्याला प्लास्टिकने गुंडाळावं का, पाणी तोडावं का, कुंडी घरात घ्यावी का, आणि झावळ्या पुन्हा जळाल्याच तर लगेच छाटाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं रोपवाटिकेत मुख्यतः पामच वाढवतोय. थंडीत गमावलेले पाम आठवले की एक गोष्ट दर वेळी दिसते: आपण पानांकडे बघत बसतो आणि झाड मरतं ते कोंबात. तुमच्या चारही प्रश्नांत काळजी पानांचीच आहे, म्हणून सुरुवात कोंबापासून करतो.

गुलाबाची फांदी थंडीने मेली तर खालच्या डोळ्यातून नवी फुटते. क्वीन पामला अशी सोय नाही. त्याच्या संपूर्ण देहात वाढणारा कोंब एकच, झावळ्यांच्या बुंध्यांच्या आत, शेंड्याच्या गाभ्यात लपलेला. मधून जी न उघडलेली, भाल्यासारखी सरळ सुरळी वर येते ती त्या कोंबाची ताजी पैदास. कोंब मेला की झाड संपलं, मग भोवती दहा झावळ्या हिरव्या का असेनात. त्या महिनोन्महिने हिरव्या राहतात आणि आपली फसवणूक करतात. उलट सगळ्या झावळ्या जळाल्या आणि कोंब शाबूत राहिला, तर झाड पुन्हा उभं राहतं. तुमचा क्वीन पाम गेल्या वर्षी तसाच वाचला. पामच्या खोडात दरवर्षी नवं लाकूड घालणारा थरही नसतो, त्यामुळे खोडाला झालेली इजा कधीच भरून येत नाही. बेटाने वाढणाऱ्या पामांची गोष्ट थोडी वेगळी. अरेका, ऱ्हापिस, चामेरॉप्स यांचं एक खोड गेलं तरी बुडातून दुसरं येऊ शकतं. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला चामेरॉप्स अजून जिवंत आहे. त्याच्याभोवती काचेचं घर उभारलंय, पण तो मुळात बेटाने वाढणारा आहे हेही त्याच्या दीर्घायुष्यामागचं एक कारण मला वाटतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो, कारण "हा पाम किती थंडी सोसतो?" याला एका आकड्यात उत्तर नसतं. जात हा पहिला भाग. नारळाची वाढ १५ अंशांखाली जवळजवळ थांबते आणि शून्याजवळ त्याला जबर इजा होते. अरेकाही शून्याच्या आसपासच हरतो. रोबेलिनी उणे २-३ पर्यंत कसाबसा तग धरतो. क्वीन पामच्या झावळ्या साधारण उणे ४ ला जळू लागतात. कॅनरी खजूर उणे ७-८ पर्यंत जातो, चामेरॉप्स उणे १० च्या आसपास. आणि चीनमधला ट्रॅकिकार्पस, जो रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४९ मध्ये इंग्लंडला पाठवला, तो उणे १२-१५ सुद्धा काढतो. पण हे सगळे आकडे वाढलेल्या, मुळावलेल्या, सशक्त झाडांचे आहेत, तेही कोरड्या आणि थोड्या तासांच्या थंडीतले. तेच झाड लहान असेल, थंडी दोन दिवस सलग टिकली, शेंड्यात पावसाचं पाणी साचलेलं असलं किंवा आदल्या आठवड्यापर्यंत ऊबदार हवा असून एका रात्रीत पारा कोसळला, तर आकडा तीन-चार अंशांनी वर सरकला असं समजायचं. गारठा हळूहळू वाढत गेला तर झाड त्याला सरावतं. अचानक आलेली पहिली थंडी मात्र सगळ्यात जास्त झाडं घेऊन जाते.

लहान झाडाचा तोटा दुहेरी आहे. मोठ्या पामचा कोंब उंचावर, जाड बुंध्यांच्या आत असतो. छातीइतक्या पामचा कोंब जमिनीपासून हात-दीड हातावरच असतो, आणि निरभ्र रात्री हवा सगळ्यात गार तिथेच असते.

"अंदाज उणे २ चा असताना झावळ्या जळाल्या कशा?" याचं उत्तरही इथेच आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण माणसाच्या उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात. गार झालेली जड हवा खाली बसते, आणि पानाचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली जातं. मी एका पहाटे दोन तापमापक ठेवून पाहिले होते. भिंतीजवळ डोक्याइतक्या उंचीवर टांगलेला अधिक दीड अंश दाखवत होता. उघड्या वाफ्यात गवतावर ठेवलेला उणे ३, आणि त्याच्या काचेवर पांढरं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, धरलेलं. दोघांमध्ये अंतर दहा पावलांचं. तुमच्याकडे उणे २ चा अंदाज होता, तेव्हा क्वीन पामच्या शेंड्याशी उणे ५ असणं सहज शक्य आहे. म्हणून एक साधा, किमान तापमान धरून ठेवणारा तापमापक आणा आणि पामच्या शेंड्याच्या उंचीवर बांधा. चार-पाच रात्रींत तुमच्या अंगणाचा आणि अंदाजाचा फरक कळेल. मग ३ अंशांचा अंदाज आला तरी झाकायचं की नाही, हे तुम्हीच ठरवू शकाल. ढगाळ किंवा थोडा वारा असलेल्या रात्री हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा उगाच धावपळ नको.

यावरून झाकण्यामागचं तत्त्व लक्षात येईल. कापड स्वतः ऊब तयार करत नाही. माणसाच्या अंगावर गोधडी काम करते कारण आत ऊब देणारं शरीर असतं, आणि पामला तसं शरीर नाही. ऊब येते ती जमिनीतून, दिवसभर उन्हात तापलेल्या मातीतून. कापडाचं काम ती वर निसटू न देणं एवढंच. म्हणून पामला झावळ्यांभोवती आवळून, खाली खोडाशी दोरी बांधून पिशवीसारखं गुंडाळलं, तर जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि आतला शेंडा गारच होतो. ही चूक मी फार ठिकाणी पाहतो. कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडा विटांनी दाबलेल्या हव्यात. तीन-चार काठ्या रोवा, वर टोकं एकत्र बांधा आणि त्यावर कापड टाका. कापड झावळ्यांना टेकलं नाही तर उत्तम, कारण जिथे ते टेकतं तिथे त्याचा गारवा सरळ पानात उतरतो.

प्लास्टिकचं विचारलंत. शक्यतो नको. सुरुवातीच्या वर्षांत मी सहा क्वीन पाम जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले. रात्री सरळ निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मला उघडायला उशीर झाला. दुपारी आत हात घातला तर भट्टीसारखी दमट वाफ, आणि सुरळ्यांवरून पाण्याचे थेंब ओघळून शेंड्यात साचत होते. जिथे प्लास्टिक चिकटलं होतं तिथल्या पानांवर काळपट, भिजल्यासारखे पट्टे उमटले. पुढच्या दोन महिन्यांत सहापैकी चार झाडांचा कोंब कुजला. थंडीने त्यांना फारसं काही केलं नव्हतं, केलं ते माझ्या झाकण्याने. त्यानंतर मी पांढरं, न विणलेलं हलकं कापड वापरतो, जे भाजीपाल्याच्या रोपांवर घालतात ते. त्यातून हवा आणि थोडा उजेड जातो. दोन पदर घातले तर एकापेक्षा बरेच चांगले. जुनी चादर किंवा गोणपाटही चालतं, फक्त ते पावसाने भिजून जड होऊन सुरळीवर झोपणार नाही एवढं पाहा. पाऊस-बर्फाची भीती असेल तर त्या कापडाच्या वर, पानांना न टेकता, छपरासारखा प्लास्टिकचा तुकडा टाकायला हरकत नाही. बाजू उघड्या ठेवा.

आच्छादनाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मुळांवर पालापाचोळा टाका असं सगळेच सांगतात, आणि जिथे जमीन आठवडेच्या आठवडे गोठते तिथे ते अगदी बरोबर आहे. पण तुमच्यासारख्या पाच-सहा रात्रींच्या थंडीत जमीन गोठत नाही. तिथे जाड पाचोळा मातीची ऊब खालीच अडवतो, आणि तंबूत ती वर यायला हवी असते. म्हणून मी कडाक्याच्या रात्रीपुरता खोडाभोवतीचा पाचोळा बाजूला सारतो, माती उघडी ठेवतो आणि ती ओलसर असेल असं पाहतो. खोडाला टेकून पाचोळ्याचा ढीग तर कधीच नको, बुंधा सतत दमट राहून सडतो.

इथेच तुमच्या पाण्याच्या प्रश्नाकडे येतो. पाणी तोडायचं नाही, पण देण्याची पद्धत बदलायची. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती परत देते. म्हणून थंडीच्या लाटेच्या एक-दोन दिवस आधी, सकाळी, आळ्यात एकदा नीट पाणी द्यायचं. त्यानंतर मात्र हात आखडता घ्यायचा. माती गार झाली की पामची मुळं जवळजवळ काम थांबवतात, पाणी ओढत नाहीत, आणि सतत चिखल राहिला तर गुदमरून कुजतात. मी बोट खुपसून बघतो. वरचा दोन इंच थर कोरडा आणि खाली वाफसा, म्हणजे चिखल न होणारी हलकी ओल, असेल तर ठीक चाललंय. आणि पाणी मुळांना द्यायचं, शेंड्यात एक थेंबही नको. हिवाळ्यात पाइपने झाडाला वरून आंघोळ घालण्याची सवय असेल तर ती सोडा.

काही जण रात्रभर झाडावर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, एका ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी, त्यामुळे मोठ्या बागांत ही युक्ती खरोखर चालते. पण तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना जवळजवळ ६०० कॅलरी ओढून घेतं. फवारा मध्यरात्री थांबला किंवा कोरडा वारा सुटला की हिशोब उलटा होतो आणि न फवारलेल्यापेक्षा फवारलेलं झाड जास्त गारठतं. शिवाय बर्फाच्या वजनाने झावळ्या मोडतात आणि शेंड्यात पाणी साचतं. घरच्या अंगणात मी हे करायला सांगत नाही.

फार कडक रात्र येणार असेल तर तंबूत थोडी उष्णता घालता येते. जुन्या तऱ्हेच्या, तापणाऱ्या फिलामेंटच्या बारीक दिव्यांची माळ बुंध्याभोवती आणि शेंड्याजवळ सैल गुंडाळायची. एलईडी माळ उजेड देते पण ऊब जवळजवळ देत नाही, ती या कामाची नाही. माळ आणि जोडण्या बाहेर वापरण्यासाठी बनवलेल्याच हव्यात, दिवा कापडाला किंवा वाळक्या पानाला टेकता कामा नये, आणि बंदिस्त कापडाखाली मेणबत्ती किंवा शेगडी कधीही नको.

झावळ्या बांधाव्यात का? क्वीन पामसारख्या पिसासारख्या पानांच्या लहान झाडाच्या झावळ्या मऊ सुती दोरीने, खालून वर, हलक्या हाताने उभ्या बांधता येतात. एकतर झाकणं सोपं होतं आणि बाहेरच्या झावळ्या मधल्या सुरळीचं पांघरूण होतात. पण ही व्यवस्था थंडीच्या लाटेपुरती. चार-पाच दिवसांत सोडायची, कारण आवळलेल्या शेंड्यात हवा खेळत नाही. सुरळीभोवती कोरडा पेंढा भरणारेही आहेत. पेंढा कोरडा राहिला तर गुणाचा, भिजला तर वैरी, म्हणून वर छप्पर असेल तरच.

तर क्वीन पामसाठी माझा संध्याकाळचा क्रम असा. दुपारी तीन-चारला, ऊन जमिनीवर असेपर्यंत, पाचोळा बाजूला. सूर्य कलला की तंबू टाकायचा. रात्री नऊला टाकला तर जमिनीची निम्मी ऊब आधीच गेलेली असते. सगळ्यात गार वेळ उजाडण्याच्या सुमाराची, म्हणून पहाटे उत्साहाने उघडायचं नाही. ऊन वर येऊन दहिवर उतरलं, तापमापक शून्याच्या बराच वर गेला की कापड काढायचं, शेंड्यात ओल असेल तर तासभर उघडं ठेवून सुकू द्यायचं. सलग तीन-चार दिवस पारा शून्याखालीच राहिला तर कापड दिवसाही राहू द्या, फक्त दुपारी एक बाजू उचला.

कुंडीतल्या रोबेलिनीचं काम सोपं आहे: तो घरात घ्या. कुंडीतल्या झाडाच्या मुळांना जमिनीचा आधार नसतो, चारही बाजूंनी गारठा लागतो, आणि पामची मुळं पानांइतकी थंडी सोसत नाहीत. जो पाम जमिनीत उणे ३ काढेल त्याचीच मुळं कुंडीत त्याच रात्री गोठू शकतात, आणि हे नुकसान वरून महिनाभर दिसतही नाही. रात्रीचं तापमान ७-८ अंशांवर यायला लागलं की आणायला सुरुवात करा, दहिवराची वाट पाहू नका.

घरात आणल्यावर बहुतेक पाम दोन गोष्टींनी बिघडतात, कमी उजेड आणि जास्त लाड. झाड सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी ठेवा, पण पान काचेला टेकू देऊ नका. रात्री काच खूप गार होते आणि टेकलेलं टोक काळं पडतं. हीटरच्या झोतात तर अजिबात नको. रोबेलिनीला १२ ते १८ अंशांची, उजेडाची, थोडी गार खोली तापवलेल्या बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त मानवते. ऊब जास्त आणि उजेड कमी असला की झाड लांबट, फिकट, कमकुवत पानं काढतं. पाणी उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी, आणि कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. खत वसंतापर्यंत बंद.

कोरड्या हवेत लाल कोळी हटकून येतो. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले की समजा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसली तर तो बहुतेक आवरतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बगलेत शोधा. घरात आणण्याआधीच एकदा नीट तपासून, धुऊन, सुकवून आणलं तर निम्मं काम वाचतं. आणि वसंतात बाहेर काढताना एकदम उन्हात ठेवू नका. आधी पूर्ण सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, असे दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. हिवाळाभर खिडकीत वाढलेलं पान एका दुपारच्या उन्हात पांढरं पडतं आणि ते पुन्हा हिरवं होत नाही.

एक गोष्ट थंडीच्या आधीची आहे, यंदा उशीर झाला असला तरी पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडलेला पाम थंडीत जास्त बळी पडतो. जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरले तर आरपार दिसणारे ठिपके आणि टोकं वाळणं ही पालाशच्या कमतरतेची खूण. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मध्य हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. पामला नत्राइतकाच, किंबहुना जास्त पालाश लागतो, तोही हळूहळू विरघळणाऱ्या रूपात. उन्हाळाभर तसं खत द्या आणि थंडीच्या दीड-दोन महिने आधी नत्र थांबवा, नाहीतर ऐन हिवाळ्याच्या तोंडावर कोवळी, पाणीदार पालवी निघते आणि तीच आधी जळते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जळालेल्या झावळ्यांचा. थंडी संपेपर्यंत कात्रीला हात लावू नका. पहिल्या दिवशी पानं भिजल्यासारखी, गर्द, अर्धपारदर्शक दिसतात आणि आठवड्याभरात तपकिरी होतात. दिसायला वाईट, पण त्या वाळक्या झावळ्याही पुढच्या थंडीत कोंबावर पांघरूण असतात. आणि ज्या पानाचा देठ किंवा थोडासा भाग हिरवा आहे ते झाडाला अजून अन्न देतंय. झावळीतला पालाश झाड जुन्या पानातून नव्याकडे वळवतं, हिरवी झावळी कापली की तोही जातो. फक्त जे काळं, लिबलिबीत होऊन सडतंय तेवढं काढायचं, आणि तेही शेंड्यात ओल कोंडली जात असेल तर.

पानांऐवजी सुरळीकडे लक्ष द्या. थंडी ओसरल्यावर मधली सुरळी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून बघायची. घट्ट बसली असेल तर काळजी नाही. उपसून हातात आली, तिचं बूड तपकिरी, बुळबुळीत असेल आणि आंबूस दुर्गंधी येत असेल, तर कोंब कुजायला लागलाय, पण मेलाच असं नाही. मी असे बरेच पाम परत आणलेत. सडलेला भाग हाताने निघेल तेवढा काढा. पोकळीत पाणी असेल तर कापडाने टिपून घ्या. मग ताम्रयुक्त बुरशीनाशक, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराईड, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून शेंड्यात ओता. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यापेक्षा जास्त वेळा नको, तांबं साठत गेलं तर तेच कोवळ्या कोंबाला जाळतं. पाऊस पडत असेल तर शेंड्यावर उलटी बादली किंवा छप्पर ठेवून तो कोरडा राखा. हातमोजे घाला, आणि कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा.

त्यानंतर वाट बघायची, आणि हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो. पहिली एक-दोन पानं वेडीवाकडी, अर्धी कापल्यासारखी किंवा टोकाला जळलेली निघतील, कारण ती कोंबात असतानाच दुखावली गेली होती. तिसरं-चौथं सरळ येतं. गार मातीत मुळं मँगेनीज ओढत नाहीत, त्यामुळे नवी पानं आखडलेली, झडल्यासारखी दिसली तर माती तापल्यावर तेही बहुतेक निवळतं. मात्र भर उन्हाळ्यात, सगळं ठीक वाटत असताना, हिरवी पानं एकाएकी माना टाकू लागली, तर खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच थंडीत निकामी झाल्या होत्या असं समजायचं. त्याला उपाय नाही, आणि त्यात तुमची चूकही नाही.

तुमच्या क्वीन पामसाठी हे आजच करून ठेवा. न पुसणाऱ्या शाईचं पेन घ्या. सुरळीवर आणि तिला लागून असलेल्या, आता न वाढणाऱ्या झावळीच्या देठावर, एकाच उंचीवर एक आडवी रेघ ओढा. हिवाळ्यात दोन्ही रेघा जुळलेल्याच राहतील, तेव्हा घाबरायचं नाही. माती तापू लागली की दर रविवारी बघा. सुरळीवरची रेघ शेजारच्या रेघेपेक्षा अर्धं बोट जरी वर सरकलेली दिसली, तर भोवतीच्या झावळ्या कितीही करपलेल्या असोत, आतला कोंब जिवंत आहे. त्यानंतर पहिलं नवं पान पूर्ण उघडलं की वाळक्या झावळ्या एकेक करून काढायला घ्या, सगळ्यात खालच्यापासून.